गाडी झटके देते? सेन्सर बदलण्यापूर्वी वायरिंग तपासा

बारामती-इंदापूर भागात डाळिंब, भाजीपाला बाजारात नेण्यासाठी लहान मालवाहू गाड्या वापरतात. बारामती एमआयडीसीत अशा तीनचाकी गाड्या तयारही होतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर लहान पेट्रोल गाड्यांतही कार्ब्युरेटरची जागा बहुतांशी इंजेक्शन प्रणालीने घेतली. ऐन तोडणीत अशी गाडी बंद पडली तर मालाचे नुकसान होते.

कार्य : थ्रॉटलची झडप किती उघडली, हे थ्रॉटल पोझिशन सेन्सर कंट्रोल युनिटला कळवितो. त्याला साधारणपणे तीन वायरी असतात : ५ व्होल्ट पुरवठा, अर्थ व सिग्नल.

लक्षणे : गाडी झटके देते, पिकअप मिळत नाही, उभ्या गाडीचे इंजिन बंद पडते, इंजिनाचा दिवा लागतो. स्कॅनरवर पी ०१२२ म्हणजे सिग्नल कमी, पी ०१२३ म्हणजे सिग्नल जास्त.

पान पिवळे दिसले म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही, आधी मुळे पाहतो. येथेही तसेच करावे.

तपासणी :
१) चावी बंद करून प्लग काढावा. गंज, पाणी, वाकलेली पिन, उंदराने कुरतडलेली वायर पाहावी.
२) चावी चालू, इंजिन बंद ठेवावे. वायरिंगकडील प्लगमध्ये पुरवठ्याची पिन व बॅटरीचे ऋण टोक यांत मल्टिमीटरने सुमारे ५ व्होल्ट मिळावेत. न मिळाल्यास दोष पुरवठ्याच्या वायरीत किंवा युनिटकडे आहे.
३) आता पुरवठा व अर्थ या दोन पिनांत मोजावे. येथे ५ व्होल्ट न मिळाल्यास दोष अर्थच्या वायरीत किंवा युनिटकडे आहे.
४) प्लग जोडून सिग्नल वायर मागून तपासावी. झडप बंद असता सुमारे ०.५ व पूर्ण उघडल्यावर सुमारे ४.५ व्होल्ट यावेत. झडप सावकाश उघडताना आकडा मध्येच घसरला तर सेन्सर खराब समजावा.
५) सर्व आकडे योग्य येऊनही दोष कायम राहिल्यास बॅटरी सोडवून युनिटपर्यंतची सिग्नल वायर अखंड आहे का, ते पाहावे.

दक्षता : १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावू नये, युनिट जळू शकते. गाडी धुताना प्लगवर पाण्याचा झोत मारू नये. काही गाड्यांत दोन सिग्नल वायरी असतात, म्हणून नेमके आकडे गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतून घ्यावेत.

पुष्कळदा दोष गंजलेल्या पिनेत असतो व खर्च मात्र नव्या सेन्सरवर होतो. तेव्हा मेकॅनिककडून आधी व्होल्टेज मोजून घ्यावे, मगच भाग बदलावा.