सोमवारचा कॉल कोणाच्या घड्याळाने?

मार्चमधला सोमवार, संध्याकाळचे पावणेसात. मी कर्वे रोडवर भेळ खात निवांत उभी. कॉल साडेसातला, म्हणजे घरी पोचून चहासुद्धा होईल असा हिशोब. तेवढ्यात मोबाइल थरथरला. ‘कुठे आहेस? पंधरा मिनिटं झाली!’

झालं काय, मी एका कंपनीच्या हाउस मॅगझिनचं काम करते. टीम तीन ऑफिसांत : पुणे, लंडन, न्यूयॉर्क. आदल्याच दिवशी, मार्चच्या दुसऱ्या रविवारी, अमेरिकेने घड्याळं तासभर पुढे केली होती. आपण कधीच करत नाही. इन्व्हाइट न्यूयॉर्कहून आलेलं, त्यामुळे त्यांचे सकाळचे नऊ जागेवर राहिले आणि माझे साडेसात गुपचूप साडेसहा झाले. लंडनची घड्याळं सरकतात मार्चच्या शेवटच्या रविवारी. तोवर दोन-तीन आठवडे तिथला बिचारा एकच्या कॉलला म्यूटवर सँडविच खातो!

थोडक्यात काय, तर दर आठवड्याचं इन्व्हाइट जो पाठवतो त्याचं घड्याळ पक्कं. सरकायचं बाकीच्यांनी. (मुंबईकर यात वस्ताद. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी ही मंडळी कित्येक वर्षं ३९ मिनिटं मागेच होती.)

उन्हाळ्यात मला हे चालतं, खरं तर आवडतंच. साडेसहाचा कॉल साडेसातला संपतो आणि आठला मी गाण्याच्या क्लासला हजर. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका घड्याळं मागे घेते, कॉल परत साडेसातवर येतो आणि थेट मार्चपर्यंत माझा सोमवारचा क्लास बुडतो. दोन हिवाळे मी गप्प बसले. फ्रीलान्सर माणूस, कॉन्ट्रॅक्ट दर वर्षी नवं होणार, उगाच कटकट कशाला? दुसऱ्या वर्षी बाईंनी विचारलं, ‘तू नक्की येणार आहेस ना? नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला देते.’

मग धीर करून मेल टाकला : हिवाळ्यातही साडेसहाच ठेवूया का? मनात भांडणाची सगळी तयारी. न्यूयॉर्कच्या बॉसचं उत्तर दहा मिनिटांत आलं. म्हणजे तिच्याकडे सकाळचे आठ, आणि आठला ती मुलाला शाळेत सोडते. ‘तुझा क्लास असतो हे तू कधी बोललीच नाहीस!’

खरंच की. आणि तिची शाळा मी तरी कधी विचारली होती?

शेवटी एक सोमवार साडेसहा, एक सोमवार साडेसात असं ठरलं. साडेसहाच्या दिवशी ती शाळेच्या गेटबाहेर गाडीतून बोलते, मागे हॉर्न ऐकू येतात. साडेसातच्या दिवशी माझा क्लास बुडतो, पण तो आता मंगळवारी सकाळी सातला बाई भरून काढतात. सकाळी सातला माझा सा लागत नाही, ही तक्रार मात्र न्यूयॉर्कला कळवलेली नाही.