सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी: मग रात्री पेशंटकडे बघायचं कोणी?

सकाळी साडेसातला हॉस्पिटलमध्ये दाखल, दहाला ऑपरेशन, संध्याकाळी पाचला घरी. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, एखादी गाठ काढणं अशा कितीतरी शस्त्रक्रिया आता याच पद्धतीनं होतात. त्यांना डे-केअर सर्जरी म्हणतात. रात्रभर ॲडमिट राहायचं नसल्यामुळे घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "छोटंसंच तर ऑपरेशन आहे!"

ऑपरेशन छोटं असेलही. पण वॉर्डातली नर्स रात्री जी कामं करते, ती सगळी इथे घरच्यांच्या अंगावर येतात, आणि डिस्चार्जच्या गडबडीत हे कुणी नीट समजावून सांगेलच असं नाही.

ही पद्धत तशी जुनीच. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे सर्जन जेम्स निकोल यांनी १९०९ मध्ये दहा वर्षांच्या कामाचा हिशेब मांडला होता. लहान मुलांच्या ८,९८८ शस्त्रक्रिया, आणि मुलांना वॉर्डात न ठेवता घरी पाठवलेलं. घरची परिस्थिती मात्र त्यासाठी योग्य हवी, यावर त्यांचा भर होता. ती अट आजही तितकीच लागू आहे.

उपाशी म्हणजे किती उपाशी?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. भूल दिल्यावर गिळण्या-खोकण्याच्या नैसर्गिक क्रिया मंदावतात. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेत, तिथून फुप्फुसात जाऊ शकतं. हे जिवावर बेतू शकतं. म्हणून भूलतज्ज्ञांचा सर्वसाधारण नियम असा: तळलेलं किंवा जड जेवण आठ तास आधी, हलका आहार आणि दूध सहा तास आधी, साधं पाणी दोन तास आधी बंद.

आपल्याकडे अडचण करतो तो चहा. "काही खाल्लं नाही, फक्त अर्धा कप चहा घेतला," असं पेशंट अगदी निरागसपणे सांगतो. पण चहात दूध असतं आणि दुधाला सहा तासांचा नियम लागतो. उपाशी राहणं म्हणजे उपवास करणंही नव्हे. साबुदाण्याची खिचडी हे जेवणच आहे. उलट्या बाजूचीही चूक होते. दुपारच्या ऑपरेशनसाठी आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेतल्यानं पेशंट विनाकारण थकतो. पाणी कधीपर्यंत चालेल, हे ऑपरेशनची वेळ सांगून आधीच विचारून घ्यावं. आणि चुकून काही खाल्लंच, तर लपवू नये. फार तर ऑपरेशन पुढे जाईल.

गोळ्यांचं काय?

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नये आणि न सांगता चालूही ठेवू नये. हृदयात स्टेंट असलेल्यांनी तर मुळीच नाही. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतात. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडची इंजेक्शनं घेणाऱ्यांचं पोट उशिरा रिकामं होतं, त्यामुळे भूलतज्ज्ञाला ते सांगणं गरजेचं आहे. वजन कमी करण्यासाठी गुपचूप इंजेक्शन घेणाऱ्यांनी निदान या एका माणसापासून ते लपवू नये. काढे, चूर्णं हीसुद्धा औषधंच. यादीत तीही लिहावीत.

नेलपॉलिश काढायला सांगतात ते बोटाला लावायच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यासाठी.

विमा मिळतो का?

२४ तास ॲडमिट नसलं तरी आरोग्य विम्यात डे-केअर शस्त्रक्रियेचे पैसे मिळू शकतात. ओपीडीत होणारे किरकोळ उपचार मात्र त्यात धरत नाहीत. हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध यांच्यासाठी अनेक पॉलिसींत पहिल्या दोन वर्षांची अट असते. ती तारीख ठरवण्याआधी वाचावी, बिल हातात आल्यावर नव्हे.

घरी आल्यावर

पेशंट बोलतो, हसतो, फोन बघतो; म्हणून भूल पूर्ण उतरली असं नाही. पहिले २४ तास गाडी चालवणं, दारू, महत्त्वाच्या कागदांवर सह्या हे सगळं टाळायचं. सोबत मोठं माणूस हवंच. घरी नेताना स्कूटरवर मागे बसवून नेण्यापेक्षा रिक्षा किंवा कार बरी.

वेदनेच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. जखमेच्या जागी दिलेल्या भुलीचा असर काही तासांनी, बहुधा रात्री ओसरतो. दुखायला लागल्यावर गोळी शोधण्यापेक्षा डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला घेतली तर रात्र बरी जाते. तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठता होऊ शकते. मूळव्याध किंवा हर्नियानंतर कुंथणं परवडत नाही. त्यामुळे पाणी, फळं, भाज्या हव्यातच.

आणि डाळ-भातानं टाके पिकतात ही समजूत. टाके पिकतात ते जंतुसंसर्गानं. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि नेमकी डाळ, अंडी बंद करून माणसाला पेजेवर ठेवलं जातं. जखमेवर हळद टाकणं हेही नकोच. मोतीबिंदूनंतर डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, थेंब वेळेवर घालायचे.

कमरेतून भूल दिली असेल तर लघवी झाली का, यावर लक्ष ठेवावं. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वयस्क पुरुषांच्या बाबतीत विशेष. सहा-आठ तास लघवी न होणं, पट्टी रक्तानं भिजणं, न थांबणारी उलटी, वाढता ताप, पोटरी सुजून दुखणं, मोतीबिंदूनंतर डोळा खूप दुखणं किंवा अचानक अंधूक दिसणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला फोन करावा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनही नको, १०८ ला कळवून थेट निघावं. डिस्चार्जच्या कागदावर रात्री उचलला जाणारा नंबर आहे ना, हे हॉस्पिटलच्या दारातच तपासून घ्यावं. बऱ्याचदा तिथे फक्त रिसेप्शनचा नंबर असतो, आणि ते रात्री बंद होतं.