किसान क्रेडिट कार्डाच्या तपासण्या : रक्षण किती व कशापासून?

हंगामी खर्चासाठी शेतकऱ्यास वेळेवर व सुलभ रीतीने कर्ज मिळावे, या हेतूने १९९८ साली किसान क्रेडिट कार्ड योजना सुरू झाली. २०१२ साली तीत सुधारणा होऊन एटीएम यंत्रावर चालणारे रुपे कार्ड देण्याची तरतूद झाली. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कापूस व मका पिकविणाऱ्या शेतकऱ्यास पेरणीच्या वेळी प्रत्येक उचलीसाठी शाखेत खेटे घालण्याचे कारण उरले नाही. मात्र, या कार्डाचा गैरवापर झाल्यास होणारी हानी दुहेरी असते. बचत खात्यातील रक्कम गेली तर शिल्लक जाते. कर्जखात्यातील गेली तर न वापरलेल्या पैशाचे कर्ज अंगावर चढते व त्यावर व्याजही लागते. यास्तव कार्डाच्या तपासण्या खरोखर कितपत रक्षण करतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

जुन्या कार्डांवर केवळ काळी चुंबकीय पट्टी असे. तिच्यावरील मजकूर कधी बदलत नसे. म्हणून तिची नक्कल करणे सोपे होते. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत अशी कार्डे बदलून चिप असलेली कार्डे देण्यास बँकांना सांगितले. चिप प्रत्येक व्यवहारास नवा संकेत तयार करते. त्यामुळे नकली कार्डापासून चांगले रक्षण होते. परंतु खरे कार्डच दुसऱ्याच्या हाती गेले, तर चिपचा काही उपयोग नाही.

तेथे चार अंकी गुप्त क्रमांक, म्हणजे पिन, उपयोगी पडतो. पण तो कार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवला, अथवा कार्डासह दुकानदाराच्या हवाली केला, तर कुलूप लावून किल्ली दारावरच टांगल्यासारखे होते. पाठीवरील सहीची जागा व तीन अंक यांचा आधार त्याहून तोकडा आहे. कार्ड ज्याच्या हाती, त्यास ते अंक सहज वाचता येतात.

२००९ सालापासून इंटरनेटवरील कार्डव्यवहारास जादा तपासणी आवश्यक झाली. तीसाठी भ्रमणध्वनीवर एकदाच वापरण्याचा क्रमांक, म्हणजे ओटीपी, येतो. ही तपासणी उपयुक्त आहे. तथापि तिला फक्त अंक कळतात, माणूस कळत नाही. ‘बँकेतून बोलतो’ असे सांगणाऱ्यास ओटीपी दिला, की यंत्राच्या दृष्टीने तो व्यवहार खातेदारानेच केलेला ठरतो. आधारवर चालणाऱ्या व्यवहारात तर कार्ड व पिन दोन्ही लागत नाहीत. अंगठ्याचा ठसा पुरतो. म्हणून ‘ठसा उमटला नाही’ असे सांगितल्यास पुन्हा अंगठा देण्यापूर्वी पावती अथवा संदेश पाहावा.

सारांश, प्रत्येक तपासणी एका प्रकारच्या चोरीस अडविते; फसवून घेतलेल्या संमतीस मात्र कोणतीही पुरेशी अडवीत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने जबाबदारीची वाटणी ठरविली. बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसताना रक्कम गेली व संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेस कळविले, तर ग्राहकावर भार नाही, असे त्यात म्हटले होते. गुप्त क्रमांक स्वतः सांगितला असल्यास मात्र कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच धरले गेले. म्हणजे विलंबाचे मोल शेतकऱ्यास द्यावे लागते.

यास्तव शेतकरी बंधूंनी पुढील दक्षता घ्यावी. कार्ड व पिन कोणाच्याही स्वाधीन करू नयेत. खात्याशी चालू भ्रमणध्वनी क्रमांक जोडावा. इंटरनेटवरील वापर करावयाचा नसेल तर तो बंद करून घ्यावा व उचलीची मर्यादा बेताची ठेवावी. शंका येताच कार्ड बंद करवावे, १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेस लेखी कळवून पोच घ्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्व सभांतून बियाणे व खतांच्या माहितीबरोबरच या गोष्टीही समजावून सांगाव्यात.