पांढऱ्या पेशींचा आकडा

श्रावण-भाद्रपदात तापाची साथ आली की शिरढोणची माणसं महामार्गावरून पनवेलची लॅब गाठतात. संध्याकाळी मोबाइलवर सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट येतो आणि अख्खं घर आधी प्लेटलेट शोधतं. त्याच कागदावर वर, हिमोग्लोबिनच्या जवळपास, पांढऱ्या पेशींचा काउंट असतो. गेल्या वीस वर्षांतल्या साथी आठवताना मला वाटतं, त्या काउंटकडे आपण फार कमी पाहिलं.

शिरढोणचेच क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके जुलै 1879 मध्ये पकडले गेले, तेव्हा ते तापानं ग्रासलेले होते असं त्यांच्या चरित्रांत सांगतात. त्याच सुमारास जर्मनीत पॉल एर्लिश रक्ताच्या पेशी रंगवून पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे ओळखत होते. ताप रक्तात मोजण्याचं शास्त्र तेव्हा नुकतं पाऊल टाकत होतं.

पुढे कितीतरी वर्षं ही मोजणी हातानंच झाली. बोटाला टोचून घेतलेलं रक्त तुर्कच्या द्रावात वीसपट पातळ करायचं. त्यातल्या आम्लानं लाल पेशी विरघळतात आणि पांढऱ्यांची केंद्रकं जांभळी दिसू लागतात. मग न्यूबाउअरच्या काचेवर एक थेंब सोडायचा, सूक्ष्मदर्शकाखाली चार कोपऱ्यांतले मोठे चौकोन मोजायचे आणि बेरजेला पन्नासनं गुणायचं. साठ पेशी भरल्या तर काउंट तीन हजार. मोठ्या माणसाचा काउंट साधारण चार ते अकरा हजारांत असतो, म्हणजे हा नक्की कमी. तंत्रज्ञ काचेवरून डोळा काढण्याआधीच ओळखायचा, की हा ताप बहुधा विषाणूचा.

बहुधा म्हणायचं कारण आहे. टायफॉइड जिवाणूचा, तरी त्यातही काउंट खाली येऊ शकतो. मलेरियातही येतो. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिस पसरला; त्यात पांढऱ्या पेशी बऱ्याचदा वाढलेल्या दिसतात. डेंग्यूत त्या उतरतात. दोन्हीत अंग ठणकतं, डोळे लाल होतात, प्लेटलेटही कमी होऊ शकतात. पण लेप्टोला वेळेवर प्रतिजैविक लागतं, डेंग्यूवर त्याचा काही उपयोग नाही. चिखलात दिवसभर भातलावणी करून आलेल्या माणसाच्या तापात हा फरक जिवावरचा ठरतो.

डेंग्यूबद्दलचं आपलं घाबरणं मात्र प्लेटलेटभोवतीच घट्ट झालं. ऑक्टोबर 2012 मध्ये यश चोप्रा डेंग्यूनं गेले आणि पुढच्या पावसाळ्यांत पपईच्या पानांचा रस, किवी, रक्तपेढीची धावपळ हे घरोघरचं झालं. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 च्या मार्गदर्शिकेतच पांढऱ्या पेशी घटणं हे संभाव्य डेंग्यूचं लक्षण म्हणून नोंदवलं होतं. क्रमही त्यात स्पष्ट होता: आधी पांढऱ्या पेशी घसरतात, मग प्लेटलेट झपाट्यानं पडतात आणि त्यानंतर रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपायला लागतं. विषाणू अस्थिमज्जेतलं उत्पादनच काही दिवस मंदावतो, म्हणून ही घसरण. नुसत्या कमी काउंटवरून रुग्ण गंभीर ठरत नाही, पण अवघड दिवस जवळ आल्याची ती सूचना असते. हे दिवस नेमके ताप उतरताना येतात, जेव्हा घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पोट दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं यांतलं काहीही दिसलं तर तेव्हा दवाखान्यातच असायला हवं.

कोकणच्या दुसऱ्या टोकाला, दोडामार्गच्या काजूबागांत, 2016 मध्ये माकडताप आला. जंगलात माकडं मरून पडली की गोचिडींच्या चाव्यातून माणसाला होणारा हा आजार. त्यातही पहिल्याच आठवड्यात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही घसरतात.

मग 2020 आलं. वुहानच्या पहिल्या 41 रुग्णांचा अहवाल 24 जानेवारीला लॅन्सेटमध्ये आला. त्यांतल्या 63 टक्क्यांच्या लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, हजाराखाली होत्या. काही आठवड्यांतच पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय कोविडसाठी राखलं गेलं. त्या काळात एकूण काउंटनं पुष्कळांना फसवलं. काउंट पाच हजार, म्हणजे नॉर्मल. पण लिम्फोसाइट बारा टक्के असतील तर त्या भरतात फक्त सहाशे. जितक्या त्या खाली, तितका आजार बळावण्याचा धोका जास्त, हे डॉक्टरांना वारंवार दिसत गेलं. आणि डेक्सामेथासोन सुरू झालं की एकूण काउंट औषधानंच वर चढायचा. रिपोर्ट सुधारल्याचा आनंद व्हायचा, आणि ऑक्सिजन मात्र उतरत असायचा.

या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. एकच सीबीसी काढून फाइल बंद करणं हा आपल्याकडचा मोठा घोटाळा आहे. तिसऱ्या दिवशीचा काउंट चौथ्या-पाचव्या दिवसाच्या काउंटशेजारी ठेवला तरच घसरण कळते, आणि प्लेटलेटसोबत हिमॅटोक्रिटही (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) पाहिलं तर पाणी झिरपतंय का तेही कळतं. शिरढोणसारख्या गावातल्या रोजंदारीच्या माणसाला त्यासाठी दोन-तीनदा पनवेल गाठणं, खाडे करणं परवडत नाही. सरकारी आरोग्य केंद्रांतून नमुने नेऊन मोफत तपासणाऱ्या महालॅबची सोय राज्यात आहे. पावसाळ्यात तापाच्या रुग्णाचा दुसरा नमुनाही तिनं स्वतःहून घ्यावा आणि रिपोर्ट त्याच दिवशी परत द्यावा. डेंग्यूत उद्या मिळालेला आकडा बऱ्याचदा उशिराचा असतो.