पाय कापू द्यायला नकार दिला म्हणून
चालताना पोटरी वळते, थांबले की दुखणे जाते. आपल्या वस्त्यांत याला 'वय झाले' म्हणून सोडून देतात. आम्ही सांगतो, विडी-तंबाखूने किंवा मधुमेहाने पायाची रक्तवाहिनी बुजत आली असू शकते.

अमेरिकेतील पोर्टलंड येथे ८२ वर्षांच्या एका बाईची बोटे सडू लागली होती. पाय कापायला तिने साफ नकार दिला. तेव्हा १६ जानेवारी १९६४ रोजी डॉ. चार्ल्स डॉटर यांनी मांडीच्या रक्तवाहिनीत एकावर एक जाड नळ्या सरकवून वाट मोकळी केली. म्हातारी स्वतःच्या पायांवर चालली! १९७४ मध्ये झुरिचच्या डॉ. ग्रुन्ट्झिग यांनी नळीला फुगा जोडला. आज बहुधा जांघेत टोचून, तेवढीच जागा बधिर करून हे काम होते. विडी सुटली नाही तर वाहिनी पुन्हा बुजते, हेही खरे.

बोटाची जखम भरत नसेल तर मलम चोळत बसू नका. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहा, असे डॉक्टरांना सांगा.