मुळांनाही हवा हवी!

पावसाळ्यात तुम्ही परसात मिरचीची रोपे लावता. चार दिवस झड लागते आणि पाणी भरपूर असूनही रोपे माना टाकतात. असे का व्हावे?

पानांप्रमाणे मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो. तो मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळतो. काळी माती भिजली की फुगते, पोकळ्या पाण्याने भरतात. हवेच्या मानाने पाण्यातून प्राणवायू सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मुळे गुदमरतात, कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. म्हणजे पाण्यात उभे असूनही रोप तहानलेलेच!

यावर उपाय म्हणजे गादीवाफा. १ मीटर रुंद जागा खणून भुसभुशीत करा. कडेने विटा रचा. मध्ये फटी ठेवा. दोन भाग माती व एक भाग कुजलेले शेणखत मिसळून २० सेंटिमीटर उंच थर द्या. आता जादा पाणी खाली निथळते आणि त्याच्या जागी हवा शिरते. वाफ्यावर मात्र पाय देऊ नका, माती दबेल. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतोच.

शेजारच्या सपाट जमिनीतही तेवढीच रोपे लावा. झड ओसरल्यावर दोन्हीकडची जगलेली रोपे मोजा व वहीत नोंदवा. काय फरक दिसतो, पाहा बरे!