अर्ध्या फेऱ्याची मजुरी

सोलापूरहून हैदराबादच्या वाटेवर उमरगा मागे पडले की कर्नाटकाची हद्द लागते, आणि पुढे सस्तापूर बंगल्याचा चौक. तिथून आत वळले की बसवकल्याण. पुण्याहून मच्छलीपट्टणपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ गावाच्या जवळूनच जातो, म्हणून इथले ऑटोनगर मुख्यतः मालट्रकांचे. कमानपाटे, रेडिएटर, बॉडीकाम, पंप-नोझल. दिवसभर हातोड्याचा ठणठणाट आणि वेल्डिंगची चरचर. अशा गोंगाटात मोटारीच्या इंजिनाचे ट्युनिंग करणारा मिस्त्री कानाने काम करतो, याचे मला पहिल्या भेटीपासून नवल वाटत आले आहे.

"गाडी बंद करू नका, चालूच ठिवा," तो म्हणतो. लांब पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाशी धरतो. गिऱ्हाइकाशी मराठी, शेजारच्या दुकानदाराशी दखनी आणि पान्हा देणाऱ्या पोराशी कन्नड, अशा तिन्ही भाषा एका दमात बोलणारा हा माणूस त्या अर्ध्या मिनिटात अगदी गप्प असतो. मग गाडी बंद करून, इंजिन थंड झाले की टॅपेटचे झाकण खोलायला घेतो.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचे, म्हणजे पहिल्या मारुती ८०० चे किंवा ॲम्बॅसॅडरचे, ट्युनिंग पाहायला मिळाले तर ते सुरुवातीपासून पाहावे. त्याला क्रम असतो. आधी टॅपेट. इंजिन थंड असताना पात्यांचे गेज घालून झडपेची फट बघायची. ती मिलिमीटरचा लहानसा अंश. पाते सरकताना हाताला किंचित ओढ लागली पाहिजे. सैल गेले तर टकटक राहते, अडकले तर झडप पुरती मिटत नाही आणि जळते. मग प्लग आणि पॉइंट, मग टायमिंग. कार्ब्युरेटरचा स्क्रू सगळ्यात शेवटी. जो मिस्त्री आल्याआल्या त्या स्क्रूला हात घालतो तो दुखणे झाकतो. गाडी चार दिवस गोड चालते आणि पुन्हा मार खायला लागते.

पेट्रोल पुरते जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. कार्ब्युरेटरला हवेचे वजन मोजता येत नाही. बसवकल्याण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि इथली हवा किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के विरळ. मुंबईत ट्युन केलेली गाडी इथे आली की तिला पेट्रोल जरा जास्तच मिळते. प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घटते. मिस्त्री हे आकड्यांत सांगत नाही. तो प्लग काढतो, त्याचा रंग बघतो आणि स्क्रू अर्धा फेरा आत घेतो.

वाद नेमका या अर्ध्या फेऱ्यावर होतो. "एवढंसं फिरवलं, त्याचे इतके पैसे?" हे वाक्य मी त्या पत्र्याच्या शेडखाली मराठीत, कन्नडमध्ये आणि दखनीत ऐकले आहे. मला ते दर वेळी अन्यायाचे वाटते. स्क्रू कुणीही फिरवील. तो कुठे थांबवायचा हे कळायला या माणसाची दहा-पंधरा वर्षे गेलेली असतात, त्यातली पहिली काही नुसते पान्हे पुसण्यात. या कामाचे तो काही शे रुपये घेतो, आणि पुढच्या काही महिन्यांत वाचलेल्या पेट्रोलमध्ये ते बहुधा फिटतात. हा दर रास्त आहे. मला विचाराल तर कमीच आहे.

श्रमाचे मोल किती घ्यावे ही चर्चा या गावाला नवी नाही. बाराव्या शतकात, चालुक्यांची ही राजधानी कल्याण कलचुरी राजा बिज्जळाच्या हाती असताना, संत बसवण्णांच्या भोवती जमलेल्या शरणांत, म्हणजे शिवभक्तांत, दोर वळणारे, नाव हाकणारे, कपडे धुणारे होते. कायक म्हणजे स्वतःच्या कष्टाचे काम, आणि तीच पूजा. त्यांच्यातले आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणीत. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तर पत्नी लक्कम्मा यांनी आपल्या गरजेपुरते सोडून बाकीचे परत टाकायला पाठवले, अशी कथा सांगतात. कष्टाचा वाटा पुरता घ्यावा, त्यावरचा दाणाही नको, अशी ती शिस्त.

तो वरचा दाणा आजच्या बिलात कुठे असतो ते सांगतो. २००० सालाच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि पेट्रोल गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला. त्याच्या जागी इंजेक्टर, सेन्सर आणि ईसीयू नावाचा छोटा संगणक आला. हा संगणक मिश्रण आणि ठिणगीची वेळ दर क्षणी स्वतः जुळवतो. तिथे फिरवायला स्क्रूच उरला नाही, पण बिलातली 'इंजिन ट्युनिंग' ही ओळ शिल्लक राहिली. एका मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरने माझ्याकडून त्या नावाखाली पैसे घेतले. नेमके काय जुळवले असे विचारल्यावर साफसफाईच्या द्रवाची रिकामी बाटली पुढे केली. थ्रॉटल साफ करणे हे खरे आणि कधीकधी गरजेचे काम आहे. त्याचे पैसे त्याच नावाने घ्यावेत. न झालेल्या कामाचा एक रुपयाही महागच.

आता ट्युनिंग म्हटले की तरुण मुलांच्या डोळ्यांपुढे रिमॅप येतो. डॅशबोर्डखालच्या सॉकेटमधून ईसीयूतली फाइल वाचायची, बदलायची, परत भरायची. मोठ्या शहरांत यासाठी तीस हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त मागतात. टर्बो डिझेलमध्ये फरक खरोखर जाणवतो, कारण टर्बोचा दाब आणि डिझेलची मात्रा दोन्ही वाढवता येतात. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनात हाती फार थोडे लागते आणि पैसे मात्र तितकेच जातात.

या सौद्यात नेहमी एक दाखला दिला जातो: मारुतीने फियाटचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये ७५ अश्वशक्तीचे दिले आणि सियाझमध्ये ९० चे, मग आपल्याला नुसत्या फाइलने ९० का मिळू नयेत? दाखला अर्धवट आहे. ९० वाल्याचा टर्बोच वेगळा होता, पात्यांचा कोन बदलणारा. कंपनीने शक्तीसोबत लोखंडही बदलले होते. नुसत्या फाइलने जे मिळते ते कंपनीने मागे ठेवलेल्या राखीव ताकदीतून येते. ती ताकद बिदर-कलबुर्गीचा उन्हाळा, पंपावरचे कमीअधिक प्रतीचे इंधन आणि धुळीने भरलेला एअर फिल्टर यांच्यासाठी ठेवलेली असते. क्लच आणि टर्बोचे आयुष्यही तिच्यातच मोजलेले.

म्हणून रिमॅपचा दर रास्त की अवाजवी हे ठरवताना मी एकच गोष्ट बघतो: करणारा डायनोवर, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, आधीचे आणि नंतरचे मोजमाप काढून देतो का? या गाडीसाठी या गाडीवर बसून फाइल लिहिणारा, गरम दिवसात तापमान तपासणारा आणि बिघडल्यास मूळ फाइल फुकट परत भरणारा माणूस असेल तर तीस हजारांत बरेच श्रम आहेत. कुठूनतरी आणलेली तयार फाइल वीस मिनिटांत भरून तोच दर लावणारा मात्र दुसऱ्याच्या इंजिनाची राखीव ताकद विकतो आहे. धूर गाळणारा फिल्टर बंद करून देणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. त्याची किंमत रस्त्याकडेचे फुप्फुस मोजते.

शिवाय रिमॅपने कंपनीची वॉरंटी जाते, आणि बदल लपवला तर विमा कंपनीला दावा अडवायला कारण मिळते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतले तपशील मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असे बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. भाव करताना हा खर्च कुणी धरत नाही.

ऑटोनगरातल्या त्या शेडमध्येही आता स्कॅनर आला आहे. मिस्त्री आधी तो लावतो, पडद्यावरचा कोड वाचतो आणि तरीही पेचकस कानाला लावतो. गेल्या वेळी माझ्या गाडीचा एक प्लग आणि त्याच्या कॉइलची वायर एवढेच बदलले. "बाकी सगळं चांगलं हाय, उगं खोलायचं कशाला?" असे म्हणत त्याने जुना प्लग उर्दू वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. तो अजून गाडीच्या खणात आहे.